‘काय केलं त्यानं?’ हे विचारण्याआधी: नागपूरच्या ठाणे अंमलदारांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील सर्व पोलीस ठाण्यांचे ठाणे अंमलदार

सविनय नमस्कार.

खुली पत्रं सहसा आयुक्तांना, पालकमंत्र्यांना नाहीतर महिला आयोगाला लिहिली जातात. हे पत्र मुद्दाम तुम्हाला आहे. पाठलागाला कंटाळलेली मुलगी आयुक्तालयात जात नाही. ती ठाण्यात येते आणि तिथं तिला पहिल्यांदा भेटता ते तुम्ही. समोर स्टेशन डायरी, बाजूला वायरलेसची खरखर, आणि मोबाइल हरवल्याचा दाखला हवा म्हणून खोळंबलेले दोघं-तिघं. त्या गर्दीतल्या दहा मिनिटांत तिचं पुढं काय होणार हे बरंचसं ठरून जातं.

मी समुपदेशक आहे. ठाण्यातून परतलेल्या आणि ठाण्याची पायरी चढायलाच घाबरणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या मुली आणि बायका माझ्याकडे येतात. त्यांच्याकडून जे ऐकते त्यावरून माझं मागणं एकच आहे: तिला ‘काय केलं त्यानं?’ असं विचारण्याआधी ‘कधीपासून चाललंय?’ असं विचारा.

‘काय केलं?’ या प्रश्नाचं तिच्याकडे धड उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते ऐकायला फारच किरकोळ वाटतं. तो अभ्यासिकेसमोरच्या टपरीवर उभा असतो. उभं राहणं हा काही गुन्हा नाही. ती शंकरनगरला उतरते, तोही उतरतो. मेट्रो सगळ्यांचीच आहे. रात्री अडीचला तिच्या चार वर्षांपूर्वीच्या फोटोला लाइक येतो. नंबर ब्लॉक केला तर फोनपेवर एक रुपया येतो आणि सोबत संदेश, ‘आज पिवळा ड्रेस छान होता’. गोंदियाला तिच्या आईच्या नंबरवर फोन जातो, पलीकडून कुणी बोलत नाही. यातली कुठलीही एक गोष्ट सुटी करून टेबलावर ठेवली, तर तुमच्या जागी बसलेला कुणीही म्हणेल, ‘पोट्टं आहे, मागं लागलं असन, थकन अन् सोडून देईन.’ असं बोलणारा माणूस दुष्ट असतो असं मला वाटत नाही. त्याच्यापुढे एकेक मणी सुटा आलेला असतो, माळ कुणी दाखवलेलीच नसते.

कायद्यानं मात्र माळच पाहिली आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ च्या दुरुस्तीनं भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ झालं. स्त्रीनं नकार स्पष्ट दाखवूनही वारंवार तिचा पाठलाग करणं, तिच्याशी संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं हा तो गुन्हा. तिच्या इंटरनेटवर, ई-मेलवर, फोनवरच्या व्यवहारांवर पाळत ठेवणं हाही त्याच कलमातला. धमकी हवी, अंगाला हात लागलेला हवा, अशी अट त्यात कुठेही नाही. पाठलाग आणि संपर्काच्या भागात सगळं वजन ‘वारंवार’ या शब्दावर आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा. पण माझ्याकडे येणाऱ्यांच्या पर्समध्ये जे कागद निघतात, त्यातले बरेचसे एनसीचे, म्हणजे अदखलपात्र नोंदीचे असतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक, हे ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेनं, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा दिली आहे, हेही मला ठाऊक आहे. ती चौकशी जरूर करा. पण चौकशी करायची तर ‘कधीपासून’ हे विचारावंच लागतं ना?

आता तिच्याबद्दल. टेबलासमोर आलेली मुलगी तुम्हाला पुष्कळदा खोटी वाटते, आणि ती तशी का वाटते हे समजून घेणं तुमच्या कामाचं आहे.

ती तारखा विसरते. मंगळवारची गोष्ट गुरुवारची म्हणून सांगते. मधेच हसते. किंवा रडतच नाही, भाजीचा हिशेब सांगावा तशी सपाट आवाजात बोलते. एखाद्या बारीक तपशिलावर अडून बसते आणि मुख्य गोष्ट शेवटी, निघता निघता सांगते. ‘घाबरली असती तर रडली असती’ हा आपला सगळ्यांचाच अंदाज असतो आणि तो चुकीचा आहे. एकदाच मोठा धक्का बसलेल्या माणसाची भीती आणि महिनोन्महिने पाळतीखाली राहिलेल्या माणसाची भीती यांत फरक असतो. चोर घरात शिरला, पळून गेला, ती भीती मोठी खरी, पण तिला शेवट असतो. पाठलागाला शेवट दिसत नाही, आणि पुढचा प्रसंग केव्हा येईल हेही ठाऊक नसतं. तो आज टपरीवर नव्हता, म्हणजे सुटका झाली की तो आज दुसऱ्या रस्त्यावर आहे? तो न दिसणंही तिच्यासाठी धोक्याची खूण होऊन बसतं. मेंदू सतत पहाऱ्यावर राहतो. झोप उथळ होते. मोटरसायकलचा आवाज आला की पोटात गोळा येतो. वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि आठवणी क्रमानं लागत नाहीत. तुमच्यासमोरचा तो विस्कटलेला जबाब या पहाऱ्याचा परिणाम आहे.

ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ मिशेल पॅथे आणि पॉल मलन यांनी १९९७ मध्ये पाठलाग सोसलेल्या १०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ९४ जणांनी आपलं रोजचं आयुष्य किंवा काम मोठ्या प्रमाणात बदललं होतं. ५३ जणांचं कामावर किंवा शिकायला जाणं कमी झालं होतं किंवा थांबलं होतं. ३९ जणांनी घर बदललं होतं. ८३ जणांची चिंता वाढलेली होती, ३७ जणांत आघातोत्तर तणाव विकाराचे निकष पूर्ण होत होते, आणि २४ जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. हे सरसकट निवडलेले लोक नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे नागपूरला लावू नयेत. पण घर बदलणं, शिक्षण सुटणं हे मला इथं ओळखीचं वाटतं. फक्त इथं ते मुलगी स्वतः करत नाही, तिच्यासाठी केलं जातं. भंडाऱ्याहून, गडचिरोलीहून, यवतमाळहून एमपीएससीच्या नाहीतर नर्सिंगच्या अभ्यासाला आलेली पोरगी. घरी कळलं की पहिला प्रश्न, ‘त्याच रस्त्यानं काहून जातेस?’ दुसरा प्रश्न विचारला जात नाही. सरळ गाडी पाठवली जाते, आणि सहा महिन्यांत लग्न उरकतं. पाठलाग करणारा आपला अभ्यास चालू ठेवतो.

म्हणूनच एक विनंती: ती सज्ञान असेल तर तिला न विचारता तिच्या वडिलांना फोन लावू नका. काळजीपोटी लावता, समजतं. पण पुष्कळ मुली ठाण्यात येत नाहीत त्या याच फोनच्या भीतीनं.

आणि तो? तो कोण असतो? आपल्याकडे याचं एकच चित्र आहे, नाक्यावरचा रिकामटेकडा, आणि त्याला आपल्या पडद्यावरच्या नायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवणी दिलेली आहे. (नकाराचा होकार होईपर्यंत तिच्या मागं फिरायचं. तो सिनेमा मीही टाळ्या वाजवत पाहिला आहे, इतकंच म्हणते.) पण ‘समज देऊन सोडणे’ हा ठाण्याचा नेहमीचा उपाय कुणावर चालतो आणि कुणावर उलटतो, हे त्या माणसाच्या जातकुळीवर अवलंबून असतं. मलन, पॅथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा १४५ जणांचा अभ्यास करून पाच प्रकार मांडले. त्यांतल्या तिघांची ओळख तुम्हाला रोजच्या कामात उपयोगी पडेल.

पहिला, ज्याला जवळीक कशी साधावी हेच कळत नाही. अभ्यासिकेत शेजारी बसली म्हणजे आपली झाली असं त्याला वाटतं. नकार त्याच्या डोक्यात शिरतच नाही. खाकी वर्दीतल्या माणसानं बसवून चार शब्द सुनावले की तो बहुतेक वेळा सुटतो, फार तर दुसरीच्या मागं लागतो. ‘समज’ चालते ती इथं. तुमचा अनुभव चांगला आहे असं तुम्ही म्हणता तो बहुधा याच गटातला.

दुसरा, नाकारला गेलेला. पूर्वीचा मित्र, मोडलेल्या साखरपुड्यातला मुलगा, सोडलेला किंवा सोडून आलेला नवरा. याला प्रेम परत हवं असतं आणि सूडही हवा असतो, दोन्ही एकाच वेळी. सकाळी माफीचा मेसेज, संध्याकाळी ‘बघून घेईन’. जुनं नातं होतं म्हणून आपण याला सर्वांत हलक्यात घेतो, ‘आपसातलं प्रकरण’ म्हणतो. त्या अभ्यासात मात्र हल्ल्यापर्यंत जाण्याचा धोका ज्या गटांत जास्त दिसला, त्यांत हा गट आहे. नवऱ्यानं बायकोच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून तिचे मेसेज वाचणं हेही कलम ७८ मध्ये येऊ शकतं, नवरा असला तरी.

तिसरा कमी आढळतो, पण आढळला तर गोंधळ उडवतो. त्याची पक्की खात्री असते की तिचंच आपल्यावर प्रेम आहे आणि ती फक्त लोकांसमोर लपवते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांनी १९२१ मध्ये या भ्रमाचं वर्णन केलं. अशा माणसाला तुम्ही दम दिलात तर तो दम त्याच्या प्रेमकथेतला एक अडथळा ठरतो. याला समज नको, उपचार हवेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० मध्ये, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेण्याचं काम पोलिसांकडे दिलेलं आहे. आपल्या शहरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण कृपा करून प्रत्येकालाच वेडा ठरवू नका. बहुतेक जण पूर्ण शुद्धीवर असतात, नोकरी करतात, घरी आईला दवाखान्यात नेतात.

आता समोरासमोर बसवण्याबद्दल. हे मी जरा लांबवून लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथं होतं असं माझं मत आहे.

तक्रार आली की दोघांनाही बोलवायचं, दोघांचे आईवडील बोलवायचे, चहा सांगायचा, मिटवायचं. भांडणात हे ठीक आहे. पण पाठलाग म्हणजे भांडण नाही, त्यात दोन बाजू नसतात. त्याला काय हवं होतं? तिनं आपल्याकडे बघावं, आपल्याशी बोलावं, आपलं ऐकून घ्यावं. ते त्याला महिनोन्महिने मिळालं नव्हतं. ते तुम्ही सरकारी खुर्च्या मांडून त्याला मिळवून दिलंत. ती समोर, अर्धा तास, उठून जाऊ शकत नाही. वर्तनाच्या मानसशास्त्रात ही गोष्ट जुनी आहे. बक्षीस दर वेळी न मिळता कधीमधीच मिळालं, तर ते मिळवायची धडपड लवकर सुटत नाही. उलट ती जास्त चिवट होते. तीस फोन न उचलता एकतिसावा वैतागून उचलला, तर पलीकडचा काय शिकतो? तीसदा थांबावं लागतं, एवढंच शिकतो. माझ्याकडे आलेल्या एकीनं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते) सांगितलं की अशा बैठकीनंतर तो आठ दिवस गप्प होता आणि नवव्या दिवशी त्याचा मेसेज आला, ‘तू माझ्यासाठी पोलिसांपर्यंत गेलीस.’

माफीनाम्याचंही असंच. १९९६ च्या जानेवारीत दिल्लीत विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीचा तिच्या घरात खून झाला. तिनं त्या मुलाविरुद्ध आधी अनेकदा तक्रारी दिल्या होत्या. त्यानं पोलिसांपुढे लेखी हमीही दिली होती. खालच्या न्यायालयानं १९९९ मध्ये त्याला सोडलं, उच्च न्यायालयानं २००६ मध्ये दोषी ठरवलं, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून शिक्षा जन्मठेपेची केली. लेखी हमी त्या फाइलमध्ये होतीच. आपल्यासाठी ही दूरची गोष्ट नाही. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी हिंगणघाटला कॉलेजात निघालेल्या प्राध्यापिकेला भर चौकात पेटवलं गेलं. तिला नागपूरला आणलं आणि १० फेब्रुवारीला ती इथंच गेली. तो आठवडा या शहरातल्या कुणालाही विसरता येण्यासारखा नाही. तेव्हा कँडल मार्च निघाले, विधानसभेत आवाज उठला, २०२१ च्या डिसेंबरात शक्ती विधेयक मंजूर झालं, आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीअभावी ते कायदा झालंच नाही. फाशीची तरतूद असलेल्या विधेयकावर जेवढी चर्चा झाली, त्याच्या शतांशही चर्चा ठाण्यातल्या पहिल्या कागदावर झाली नाही.

म्हणून बंधपत्र घ्यायचं तर ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली रीतसर घ्या, जे मोडलं तर त्याला काही परिणाम भोगावा लागेल. वहीतल्या पानावरचा माफीनामा मोडला तर काहीच होत नाही, आणि हे त्याला पहिल्यांदा मोडल्यावरच कळतं.

‘कधीपासून’ हे विचारलं की पुढचा प्रश्न हद्दीचा येतो. अजनीला खोली, शंकरनगरला क्लास, सीताबर्डीला मेट्रो बदलायची, आणि तो तिन्ही ठिकाणी. कोणत्या हद्दीत? झीरो एफआयआर याचसाठी आहे. कोणत्याही ठाण्यात नोंदवून पुढं पाठवता येतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं दिलेली माहितीही चालते, तीन दिवसांत सही झाली की झालं. आणि या कलमाखालची तक्रार स्त्रीची असेल तर ती महिला अधिकाऱ्यानं नोंदवून घ्यायची आहे. रात्रपाळीला महिला अंमलदार नसेल तर तिला ‘सकाळी ये’ सांगण्याऐवजी शेजारच्या ठाण्यातून बोलावून घ्या. सकाळी पुष्कळ जणी येत नाहीत.

‘नंबर ब्लॉक कर ना’ हा सल्लाही जरा जपून द्या. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट हवेत, तारीख आणि वेळ दिसेल असे, चॅट पुसलेलं नको. पुढं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागणार आहे, हे तिला कोण सांगणार? एका साध्या वहीत तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं, कुणी पाहिलं, एवढं रोज लिही म्हणून सांगितलं तरी खूप झालं. याच अभ्यासकांच्या २००४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की नको असलेला पिच्छा दोन आठवड्यांच्या पुढं गेला की तो आपोआप थांबण्याची शक्यता बरीच घटते आणि तो लांबत जातो. तेव्हा तिची वही पंधरा दिवसांच्या पुढं गेली असेल, तर ‘थकेल आणि सोडेल’ हा अंदाज बाजूला ठेवा.

पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंतचा. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंतचा आणि अजामीनपात्र. जामीन त्याचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो सुटला हे तिला तुमच्याकडून कळू दे. ते तिला त्याच्याचकडून, टपरीसमोर कळू नये. एक फोन पुरतो.

हे कलम फक्त स्त्रियांसाठी आहे. माझ्याकडे पुरुषही येतात, एकाचा तर पूर्वीच्या मैत्रिणीनं नोकरीवरही पिच्छा पुरवला होता. त्यांच्यासाठी कायद्यात सोय तोकडी आहे, तो विषय वेगळ्या पत्राचा.

तुमच्यावर किती बोजा आहे हे मी नागपुरात राहते म्हणून जाणते. दसऱ्याला दीक्षाभूमीचा बंदोबस्त, डिसेंबरात अधिवेशनाचा, मध्ये निवडणुका, मोर्चे, क्रिकेटचा सामना. बारा तासांच्या ड्युटीनंतर समोर आलेली पोरगी म्हणते, ‘तो फक्त बघतो.’ अशा वेळी राग येणं माणसाचं आहे. म्हणूनच मी नवं पथक, नवी हेल्पलाइन मागत नाही. ११२ आहे, दामिनी पथक आहे, भरोसा सेल आहे. मागते ती स्टेशन डायरीच्या नोंदीत एक जास्तीची ओळ: पहिला प्रसंग कधीचा, आतापर्यंत किती, यापूर्वी कुठल्या ठाण्यात सांगितलं होतं का. ही ओळ असली की तिसऱ्यांदा आलेली मुलगी तुमच्या बदलीनंतर आलेल्या अंमलदारालाही तिसऱ्यांदा आलेली म्हणूनच दिसेल.

तक्रारदाराला घरी न्यायला देता येईल असा, तारखांच्या रकान्यांचा एक पानी मराठी नमुना मी तयार केला आहे. या पत्राची प्रत आणि तो नमुना आयुक्तालयाच्या आवक विभागात दिला आहे. त्यात काय कमी आहे, काय जास्त आहे, हे टेबलामागं बसणाऱ्यांनीच सांगावं. दुरुस्त करून घ्यायला मी कोणत्याही ठाण्यात येईन, रात्रपाळीलासुद्धा.

आपली,
एक समुपदेशक
नागपूर